रेडिओबाईंचा वाचनाचा तास

दुसरीच्या बाईंना शाळेत सगळे रेडिओबाई म्हणत. गोष्ट वाचायला घेतली की त्यांच्या गळ्यातून वाघ, म्हातारी, गळका नळ, जे लागेल ते बाहेर पडे. संध्याकाळी घराचं कुलूप उघडलं की मात्र रेडिओ बंद. बोलणार कुणाशी? लग्न केलं नाही, आईला जाऊन बरीच वर्षं झाली, धाकटा भाऊ दूरच्या गावी.

मग गळ्यातली गाठ काढावी लागली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली नुसती हवा. दूधवाल्यानं दोनदा "काय?" विचारलं, तेव्हापासून त्या त्याला बोटांनीच सांगू लागल्या. भाऊ फोनवर "ताई, ऐकू येत नाहीये गं!" म्हणून ओरडायचा. हळूहळू त्याचे फोनही कमी झाले.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, पण आवाजाशिवाय वाचनाचा तास कसा घेणार? ऑफिसात बसा, हजेरीचं काम बघा."

बाईंनी समोरच्या कागदावर लिहिलं, 'महिनाभर द्या.'

रविवारी जेवणाच्या टेबलावर त्या जुन्या खोक्यांचे पुठ्ठे कापत बसल्या. एका पुठ्ठ्यावर एकच वाक्य, लांब वाक्यं गठ्ठ्यात खाली. मुलांनी वाचून अर्थ सांगायचा, असं आधी ठरवलं होतं. पण त्यात मजा कसली? त्यांना स्वतःलाच जांभई आली. घर इतकं गप्प होतं की कात्रीचा आवाजही मोठा वाटत होता. शेवटी सुचलं: मुलांनी वाचायचं आणि वाचतील तसं बाईंनी करायचं. चुकीचं वाचलं तर चुकीचं करायचं.

सोमवारी पुढच्या बाकावरच्या मुलीनं अडखळत वाचलं, "बाई खुर्चीवर हसल्या."

लिहिलं होतं 'बसल्या'. बाई खुर्चीपुढे गेल्या, खुर्चीकडेच बोट दाखवलं आणि पोट धरून हसल्या, आवाज न करता. वर्गात एकच गलका. "अगं, ब आहे तो, ब! बसव त्यांना!" पाच-सहा डोकी त्या पुठ्ठ्यावर वाकली. पुस्तक पाहिलं की ज्यांच्या पोटात दुखायचं तीही रांगेत आली. बाईंना टेबलाखाली पाठवायची संधी कोण सोडणार?

ऑफिसाचा विषय पुन्हा निघाला नाही. आवाज मात्र परतायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. एकदा एका मुलीनं वाघाचं वाक्य वाचताना हुबेहूब बाईंसारखा घसा ताणला. सगळे हसले. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

त्या संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, तू बोलू नकोस. हो असेल तर फोनवर एक टिचकी मार, नाही असेल तर दोन. जेवलीस?"

टक.

"पोरं छळतात?"

टक, टक. तो हसला.

"एकटं वाटतं का गं?"

बाईंनी बोट उचललं. ते तसंच राहिलं.

"ताई? आहेस ना?"

टक.