बावीस सुरांची पेटी

भूतखेत, करणी यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. शून्यातून दुकान उभं केलंय. ठोकून-वाजवून पाहिल्याशिवाय मी काही घेत नाही. तरी लिहितोय, कारण भाऊबंद अजून म्हणतात, 'विधवेची पेटी भाव पाडून घेतली, तळतळाट लागला.' साफ खोटं! भाव दोघांच्या राजीखुशीने ठरला होता.

१९८८ च्या सुमाराची गोष्ट. जळगावात घराच्या पुढच्या खोलीतच माझं पेटीदुरुस्तीचं दुकान. धुळ्यातल्या एका दिवंगत गायनमास्तरांच्या पत्नीकडून, अक्कांकडून, जुनी हार्मोनियम घेतली. आपल्या पेटीत सप्तकाला बारा पट्ट्या असतात. मास्तरांनी सप्तकाचे बावीस सारखे भाग करून तेवढ्या पट्ट्या बसवल्या होत्या. वाजवली, तर दोन ओळखीच्या सुरांमधून तिसरंच कोणी बोलतंय असं वाटे.

"लेनी व्हई ते शे तशी ले, भाऊ. सूर बदलू नको," अक्का म्हणाल्या.

"अक्का, बावीस सूर ऐकून गिऱ्हाईक पळून जाईल!"

माझी बायको निर्मला भजनी मंडळात गायची. मोकळा गळा. भरदुपारी मी जास्तीच्या पट्ट्या बंद केल्या आणि उरलेले सूर नेहमीच्या बारांत बसवायला पहिल्या रीडला, म्हणजे सुराच्या पितळी जिभेला, कानस लावली. आत तांब्या पडला. ही गळा धरून उभी.

"अहो, थांबा... घशात कोणीतरी घासतंय."

"पित्त झालं असेल!" मी खेकसलो, आणि सगळे रीड घासूनच उठलो.

दिवेलागणीला तिने आरती सुरू केली. चालच गेली... आवाज बारीक, सारख्या पायऱ्यांनी वर चढत राहिला, एकाही ओळखीच्या सुरावर थांबेना. डोळ्यांतून पाणी, पण तोंड मिटेना. मी तिच्या तोंडावर हात दाबला.

पुढची पायरी दुकानातून आली. पेटीचा भाता बंद होता.

रीड उघडून पाहिले — एकावरही कानशीची खूण नाही. टेबलावर पितळेचा कीस मात्र तसाच.

सकाळीच पेटी धुळ्याला नेली. पैसे परत मागितले नाहीत... आयुष्यात पहिल्यांदा.

"घरमा गानारी कोन शे?" अक्कांनी विचारलं. मी पेटी उंबऱ्यात ठेवली. "मनं गानं बी या पेटीमाच शे, भाऊ." म्हणजे अक्कांचंही गाणं त्या पेटीतच.

निर्मला बोलते, हसते. गात नाही. डॉक्टरांना गळ्यात काही सापडलं नाही, मलाही अजून कशाचा अर्थ लागलेला नाही. एकदा एकटाच धुळ्याला गेलो असताना अक्कांच्या गल्लीतून आलो. त्यांच्या बंद दाराआड भजन चालू होतं.

निर्मलाच्या आवाजात.