वामीला गांडुळं कोण घालतं

मोताळ्याच्या पुष्पाबाई म्हणजे भजनी मंडळाचा पहिला आवाज. गळ्यात तुळशीची माळ, आणि अंगण झाडतानाही मुंगीला जपणार. अशा बाईच्या पदरात देवानं वाम घालावी, ही थट्टाच झाली. लेक निशिगंधानं नळगंगेतली ही सापासारखी लांबट मासोळी काचेच्या टाकीत हौसेनं पाळली, आणि लग्न होऊन ती गेली जळगाव जामोदला. जाताना एवढंच म्हणाली, "आई, तिले उपाशी नको ठेवू."

पुष्पाबाईंनी कणकेच्या गोळ्या टाकून पाहिल्या. वाम ढुंकून बघेना. तिला जिवंत गांडुळंच लागत. वाम सुतळीसारखी दिसायला लागली तेव्हा बाईंना तोडगा सुचला, शेजारची मुबीना. फॉल-पिको करणारी, अबोल पोर. ती रोज संध्याकाळी मोरीमागची ओली माती उकरून गांडुळं आणायची आणि टाकीत सोडायची. पुष्पाबाई तोंड फिरवून रामनाम घ्यायच्या. "त्यांच्यात चालते," असं मंडळातल्या जयमालाबाईंना खुशाल सांगायच्या.

एकदा मुबीना नळावर हात घासत बसली ती उठेचना.

"काऊन वं, किती धुवून राह्यली?"

"काकू, मले लई किळस येते. पहिल्या दिवशी घरी जाऊन ओकारी झाली. अजून जेवण जात नाही."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तुमच्या माळेचा सवाल होता."

पुष्पाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाप टळलं नव्हतंच. त्यांनी ते या पोरीच्या ताटात वाढलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुबीनाला येऊ दिलं नाही. स्वतः माती उकरली, गांडूळ सोडलं, आणि तोंड फिरवलं नाही.

गुरुवारी भजन त्यांच्याच घरी होतं. टाकीकडे बघत जयमालाबाईंनी विचारलं, "हिले अजून मुबीनाच गांडुळं घालते का?"

खरं सांगायची हीच वेळ होती. साऱ्या बायका टाळ धरून त्यांच्याकडे बघत होत्या.

"हाव," पुष्पाबाई म्हणाल्या. "तीच घालते. आपल्याच्यानं कुठं होते?"

बोलून गेल्या आणि दाराकडे नजर गेली. जयमालाबाईंची पिको केलेली साडी घेऊन मुबीना उंबऱ्याबाहेर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. जयमालाबाई तिच्याकडे वळल्या.

"काऊन वं, खरं का?"

मुबीनानं पुष्पाबाईंकडे एकदाच पाहिलं.

"हाव," ती म्हणाली, "मीच घालते."