जित्या सुनेला हार

संध्याअक्काची जीभ तिखट, पण बनशंकरी भागात कुणाचा संसार मोडला की माणसं हिच्याच दारात. समाजसेविका म्हणून घटस्फोटानं उसवलेली घरं तिनं ढिगानं पाहिली होती. चंदनाच्या प्रकरणात मात्र तिच्याही अंगावर काटा आला.

चंदनाच्या घटस्फोटाला वर्ष होत आलं होतं. सात वर्षांची लेक भव्या जयनगरला बापाकडे, आजीआजोबांत. कोर्टानं भेटी ठरवून दिलेल्या, पण बाप अभिराज दरवेळी कळवी, की पोरच यायला तयार नाही. मग चंदना शाळेबाहेर जाऊन उभी राही. तिला पाहिलं की भव्या पांढरीफटक पडून पळत सुटे.

"अक्का, माझ्या पोटची पोर मला इतकी का भिते?"

अक्का तडक चंदनाला घेऊन जयनगरला गेली. तिला फाटकाबाहेर थांबवून एकटी आत शिरली. भरदुपारी पडदे ओढलेले, उदबत्तीचा धूर कोंडलेला. भव्या जवळ सरकली आणि कुजबुजली, की आई शाळेपाशी येते, बोलत नाही, नुसती बघते.

"तुम्हालापण दिसते?"

अक्कानं मान वर केली. भिंतीवर वाडवडिलांच्या रांगेत चंदनाचा फोटो, आणि त्याला ताजा हार. बाई गं! जिच्याशी रिक्षात बोलत आली, तिला इथं हार!

आजोबा प्रतापरावांना त्यात वावगं वाटत नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या या घरात घटस्फोट नाही, पोरीला काय सांगायचं? गेली म्हटलं की प्रश्न मिटले. पितृपक्षात तिच्या नावानं पानही वाढलं होतं, आणि कावळा लगेच शिवला, असं ते शांतपणे म्हणाले.

अक्काचा संताप अनावर झाला. अब्रूसाठी जित्या बाईला मारलंत आणि पोरीमागे भूत लावलंत, असं तोंडावर सुनावून तिनं फोटोला हात घातला. भव्यानं तिचा पदर धरला.

"काढू नका. मग ती आत येईल."

अक्कानं हात मागे घेतला आणि ती खाली बसली. आईबाप वेगळे होतात म्हणजे काय, ते तिनं पोरीला मांडीवर घेऊन थोडं थोडं करत सांगितलं. मग चंदनाला हाक मारली.

चंदना उंबऱ्यात आली. भव्यानं अक्काआडून आधी तिचे पाय पाहिले. ते उलटे नव्हते. हळूच बोट लावलं. पाय गरम होते. पोरीनं मान वर केली.

"जिवंत होतीस," ती म्हणाली, "तर मला न्यायला आत का नाही आलीस?"