एडिटरच्या भिंतीला पाडलेली खिडकी

आमची मामी प्रत्येक उत्तराआधी बारीक "हं" काढते. समोरच्याला वाटतं, पटलं. पटलेलं नसतं. एका दवाखान्याची वेबसाइट ती घरूनच सांभाळते, लिनक्सवाल्या कंप्युटरवर, भाजी चिरायच्या टेबलावर बसून.

त्या सकाळी साइटवर एका पेशंटचे रिपोर्ट दुसऱ्यालाच दिसत होते. दवाखाना उघडायच्या आत सर्व्हरवर दुरुस्ती चढवायची होती. दुरुस्ती लिहून तयारही होती, पण मामी ज्यात कोड लिहिते तो नवा एडिटर सँडबॉक्समध्ये चालणारा, म्हणजे चारी बाजूंनी भिंती. सर्व्हरची किल्ली जपणारा एजंट नावाचा प्रोग्राम भिंतींबाहेर. हा एजंट किल्ली कुणाच्या हाती देत नाही. सॉकेट म्हणून त्याची एक खिडकी असते, तिथून मागितलं की नुसती सही करून देतो, आणि ती सही बघून सर्व्हर आत घेतो. एडिटरला ती खिडकीच दिसत नव्हती.

फोनवर तिचे एक सहकारी होते. आम्ही त्यांना घाईकाका म्हणतो. ते नाकात बोलतात आणि दोन वाक्यांत फट ठेवत नाहीत. अहो ताई, एडिटरला सगळ्या परवानग्या देऊन टाका, नाहीतर किल्लीच आत कॉपी करा, मी तेच केलंय, काय बिघडलं माझं, असं त्यांचं चाललं होतं. मामी "हं" म्हणाली आणि सेटिंगमध्ये एक ओळ लिहून फक्त त्या सॉकेटपुरती वाट दिली. वर एजंटला बजावलं की दर सहीआधी मला विचारायचं. काका म्हणाले, म्हणजे वॉचमन ठेवायचा आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून आपणच बसायचं.

एडिटर पुन्हा सुरू झाला आणि लगेच स्क्रीनवर एजंटची चौकट आली: सही करू का? मामीने अजून काही पाठवलंच नव्हतं. तिने नकार दिला. चौकट परत आली. मग तिने दिलेली वाट बंद केली, एडिटरबाहेरच्या साध्या टर्मिनलमध्ये हाताने आज्ञा देऊन दुरुस्ती चढवली आणि एडिटरची झडती घेतली. एडिटरचे रंग बदलणारं एक प्लगइन, म्हणजे वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, परस्पर सर्व्हरकडे निघालं होतं.

"हे तुम्हीच सुचवलं होतंत ना? तुमच्याकडेही आहे?"

काकांनी आहे म्हणून सांगितलं. आवाज नाकातून घशात उतरला होता.

"आणि तुमची किल्ली तर त्याच्या शेजारीच, आत पडलेली. मग ती मी रद्द करतेय. रागावू नका."

दवाखाना उघडला तेव्हा ज्याचा रिपोर्ट त्यालाच दिसत होता. काका मात्र नवी किल्ली मिळेपर्यंत, म्हणजे दुपारपर्यंत, सर्व्हरच्या बाहेर होते.