बत्तीस दिवसांचं पाप

ही गोष्ट सांगायची मी चौदा वर्षं टाळली. आधी लाजेनं, नंतर नुसत्या सवयीनं. मधल्या काळात चर्चच्या मंडळीनं शब्बाथ शाळेतल्या सेवेबद्दल माझ्या खांद्यावर शालही घातली आणि मी ती मुकाट्यानं घेतली. आता वय अठ्ठ्याहत्तर झालं. हे वाचून कुणाला राग आला तर येऊ द्यावा. मलाही तो आलेलाच आहे.

आमचं गाव जामखेडच्या बाजूचं, पाण्याला महाग. ख्रिस्ती घरं तिसेक. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, जामखेडला राहायचे. त्यांच्याकडे सहा गावं, त्यामुळे महिन्यातला एकच रविवार आमच्या वाट्याला यायचा. उरलेल्या रविवारी उपासना मी चालवायचो. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालो होतो आणि मंडळीच्या पंचांचा सचिवही मीच होतो. पोरांसाठी रविवारी भरणाऱ्या शब्बाथ शाळेत दरवर्षी एक रंगीत तक्ता भिंतीला टांगून मी पोरांना मूळ पापाचा धडा द्यायचो. बाग, झाड, साप, आदाम आणि हव्वा. त्या दोघांनी देवाची आज्ञा मोडली आणि तेव्हापासून जन्माला येणारं प्रत्येक मूल पापातच जन्माला येतं, असं मी सांगायचो. पोरं मान डोलवायची. मीही कधी त्यावर दुसऱ्यांदा विचार केला नाही.

आमच्याकडे एक रूढी होती. वर्षभरात जन्मलेल्या लेकरांचे बाप्तिस्मे हंगामाच्या सणाला एकदम करायचे. त्या दिवशी वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, कोंबड्या, जे ज्याच्या घरी पिकलं ते आणून ठेवतात. मांडव असतो, बाहेरचा पाहुणा असतो. त्या वर्षी पाच लेकरं होती. शेजारच्या गावात आदल्या वर्षी तीनच बाप्तिस्मे झाले होते. पाच आया पाच लेकरं घेऊन एका ओळीत उभ्या राहणार, हे चित्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

सणाला तीन आठवडे असताना त्यातली एक आई माझ्याकडे आली. नवरा जिल्ह्याच्या शहरालगत नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, ती सासूजवळ गावात. पहिलंच बाळंतपण, मुलगी वीस दिवसांची. दुपारची वेळ होती, ओसरीवर मी एकटाच होतो.

"काका, जामखेडचे डॉक्टर म्हनले, हिच्या काळजाला भोक हाय. दूध वढत न्हाई. पाळकसायबांना फोन लावा ना. ह्या रविवारी हिचा बाप्तिस्मा हूं द्या."

मी म्हणालो, "अगं, सण तोंडावर आलाय. पाच लेकरांचं एकदम ठरलंय. तुझ्या एकटीसाठी साहेबांना पळवू का?"

"तवर काय झालं तर?"

"काही होत नाही. देवावर भरवसा ठेव."

देवाचं नाव घेऊन मी तिला वाटेला लावलं. फोन माझ्या खिशातच होता. आणि खरं तर फोनचीही गरज नव्हती. लेकरू अत्यवस्थ असेल तर कोणीही विश्वासी माणूस पाणी घेऊन बाप्तिस्मा देऊ शकतो, हे मला पाठ होतं. मी स्वतः ते पंचांना शिकवलेलं होतं.

बाराव्या दिवशी मुलगी गेली. बत्तीस दिवसांची होती.

आमच्या कबरस्तानाला दगडी भिंत आहे. बाप्तिस्मा न झालेल्याला भिंतीच्या आत माती देत नसत, बाहेर निवडुंगाच्या कडेला देत. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण पाळलं मात्र नियमासारखं जायचं. पाळकसाहेब आले. नवरा सकाळीच टेम्पोनं पोचला होता. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणता, मग मला कुणी कळवलं का नाही?"

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात लेकरू पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं होतं.

मी म्हणालो, "साहेब, यांच्याकडून काही निरोपच आला नाही. हयगय झाली."

ती एवढंच म्हणाली, "काका."

मी निवडुंगाकडे बघत उभा राहिलो. खड्डा आधीच खणलेला होता, भिंतीच्या बाहेर. माझ्याच सांगण्यावरून.

तिनं घरी सांगितलं, मी काकांकडं गेल्ते म्हणून. कोण ऐकणार? एका बाजूला पंचांचा सचिव, शब्बाथ शाळेचा मास्तर. दुसऱ्या बाजूला दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली सून. सासू दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "हिच्यापायी माझं लेकरू भितीभाईर गेलं." नळावरच्या बायका तर तोंडावर बोलायच्या, "मोबाईलवर लेकराचं फोटू काढाया येळ हुता, पान्याच्या चार थेंबांना न्हवता व्हय गं?" नवऱ्यानंही तिला खोदून खोदून विचारलं, असं मला नंतर कळलं. हे सगळं माझ्या कानावर येत होतं. गाव केवढंसं! मी ऐकायचो आणि पुढे जायचो. पंचांच्या वहीत मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'मातेच्या हयगयीमुळे बाप्तिस्मा राहून गेला.'

तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी सांत्वनाची प्रार्थना होती. प्रार्थना मीच चालवली, दुसरं कोण? गीत झालं, वाचन झालं. मग तिनं भिंतीला टेकूनच विचारलं, "काका, तिनं काय पाप केलं हुतं?"

मी तक्त्यावरचा धडा काढला. म्हणालो, "पोरी, करण्याचा प्रश्न नाही. आपण सगळेच आदामाचे. विहिरीचं पाणीच खारं असेल तर शेंदलेली बादली गोड कशी निघेल?"

ती म्हणाली, "मग तुमची बादली दावा की एकदा. बघू किती खारी हाय."

"गप गं," सासू ओरडली, "कुनापुढं बोलतीस?"

मी डोळे मिटले आणि शेवटची प्रार्थना सुरू केली. मोठ्या आवाजात केली. पुढच्या महिन्यात नवरा तिला नागापूरला घेऊन गेला. ती परत आमच्या उपासनेला आली नाही.

मला आज ज्याचा संताप येतो ते हे. जिनं नीट डोळेही उघडले नव्हते त्या जिवाला आम्ही आदामाच्या पापाचा धनी केलं आणि भिंतीबाहेर टाकलं. आणि मी, ज्यानं भर दुपारी, शुद्धीवर असताना, पाच लेकरांच्या ओळीच्या हौसेसाठी टाळाटाळ केली आणि वर खोटं बोललो, तो आत. पुढच्या रविवारी प्रभुभोजनाच्या आधी सगळी मंडळी एका सुरात पापकबुली म्हणाली. त्यात सगळं 'आम्ही', 'आम्ही'. आम्ही चुकलो, आम्ही भटकलो. मीही म्हणालो, घसा मोकळा करून. त्या 'आम्ही'त माझं पाप इतकं छान विरघळलं की घरी जाऊन मी पोटभर जेवलो.

सत्तरी उलटल्यावर एका निवृत्त पाळकांनी मला सांगितलं की आमच्याच धर्मातल्या पूर्वेकडच्या जुन्या मंडळ्या हे वेगळं मानतात. आदामाकडून आपल्याला मरण आलं, दुबळेपणा आला, वाकडं वागायची ओढ आली. पण त्याचा दोष, त्याचा गुन्हा लेकराच्या माथी येत नाही. हे इतकी शतकं कोणीतरी मानत आलं होतं आणि मला माझ्या तक्त्यापलीकडे बघावंसंही वाटलं नव्हतं! त्या दिवशी मी त्यांच्यावरच चिडलो. आधी का नाही सांगितलंत, म्हणालो. ते म्हणाले, "तुम्ही कधी विचारलंत?"

म्हणून मूळ पापाची शिकवण मी अख्खी फेकून दिली असं नाही. फेकता येत नाही. कबरस्तानात ते खोटं बोलायला मला कुणी शिकवलं नव्हतं, विचारही करावा लागला नाही. जीभ आपसूक वळली. तसं काहीतरी माणसात असतंच, आणि त्याला काय नाव द्यायचं ते ज्यानं त्यानं द्यावं. पण त्या कथेतला एक तुकडा मी वर्षानुवर्षं पोरांना घाईनं सांगून पुढे जात होतो. देव विचारतो तेव्हा आदाम 'मी खाल्लं' एवढं सरळ सांगत नाही. आधी बायकोकडे बोट दाखवतो. मी आदामाचा वंशज आहे तो इथे. बत्तीस दिवसांच्या मुलीनं कुणाकडे बोट दाखवलं होतं?

मागच्या वर्षी मी पंचांच्या सभेत उभा राहिलो आणि वहीतली ती नोंद खोटी आहे, मी लिहिली आहे, दुरुस्त करा म्हणालो. एक जण घड्याळ बघत म्हणाला, "जाऊ द्या ना काका. आता कशाला उकरताय? शेवटी आपण सगळे पापीच." दुसरा हसला, "तुमचं एवढंसं पाप, आमचं काढलं तर वही पुरायची नाही." मी टेबलावर हात आपटला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणालो, "सगळे नाही. मी. लिहा." नवे पाळक तरुण आहेत, त्यांनी मला पाणी दिलं आणि समजुतीनं म्हणाले, "देवानं केव्हाच क्षमा केली असेल." देवानं केली असेल हो. पण माती त्या बाईच्या लेकराला दिली होती, आणि टोमणे तिनं खाल्ले होते. तिला कुणी विचारलं होतं?

नोंद दुरुस्त झाली. ते सांगायला मी नागापूरला गेलो. कारखान्यांच्या मागे एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आहे. नवरा कामावर होता. तिनं दार उघडलं, मला ओळखलं, आणि क्षणभर तसंच धरून उभी राहिली.

"या काका. बसा."

पाणी दिलं, चहा टाकला. आतून नऊ-दहा वर्षांची मुलगी डोकावली. "कोण गं आई?"

"गावाकडचे हायेत."

मी बोलायला लागलो. वहीचं सांगितलं. 'ती नोंद काढून टाकली आहे' म्हणालो. कोणी लिहिली होती ते म्हणालो नाही. तिनं ऐकून घेतलं. मग माझ्या तोंडून निघालं, "काय आहे पोरी, माणूस म्हटलं की चुकतोच. आपण सगळेच..."

"आपन समदे न्हाई, काका." तिनं कप माझ्यापुढे ठेवला. आवाज चढवला नाही. "मी आल्ते का न्हवते, तेवढं सांगा. तुमच्या तोंडानं."

चहा गरम होता. मी तो बशीत ओतून प्यायलो. ती समोर बसून वाट बघत होती. भांडायला नव्हे, खरंच ऐकायला. असं कुणी माझी वाट बघितल्याचं मला आठवत नाही. मी सभेत सगळ्यांपुढे टेबलावर हात आपटला होता, आणि इथे एका बाईपुढे जीभ हलेना.

"येतो मी," म्हणालो. "एसटी निघून जाईल."

"या," ती म्हणाली.

जिना उतरून खाली रस्त्यावर आल्यावर सगळं तोंडात तयार होतं: तू आली होतीस, पोरी. भर दुपारी आली होतीस, लेकराला घेऊन. फोन मी केला नाही. खोटं मी बोललो. मला माफ कर. वर तिच्या खिडकीत कपडे वाळत होते. मी थोडा वेळ तिथेच उभा होतो, मग स्टँडकडे निघालो.