बारा मात्रांची शांतता

आमच्या हॉलच्या फरशीवर चेलोच्या अणकुचीदार पायाचे सात ओरखडे आहेत. लेक नोकरीसाठी बंगळुरूला जाण्याआधीचं वर्षभर दर रविवारी चौघीजणी इथे सरावाला जमत: दोन व्हायोलिन, एक चेलो आणि लेकीचा व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून थोडा मोठा, थोडा खर्जातला. सोफा गॅलरीत जाई. मी दाराशी स्टुलावर बसून मात्रा मोजायचो. संगीतातलं मला तेवढंच जमतं.

त्यांच्या सरांनी युरोपातल्या लोककथांमधल्या जलदेवतांवर चौघींसाठी एक रचना बांधली होती. मध्यावर चारही वाद्यं थांबत. बारा मात्रा शांतता. तेराव्या मात्रेला एकटा व्हायोला उठायचा, म्हणजे तळ्यातली ती वर यायची. लेक मात्र दर वेळी दहाव्यालाच उठायची.

याला कारण माझा मेहुणा, देवळ्याला कांदा पिकवणारा. एका रविवारी तो सराव ऐकायला बसला आणि शांतता सुरू होताच त्याने कडकडून टाळ्या वाजवल्या. “लय भारी! दाजी, वाजवा की टाळ्या, पोरी दमल्या!” तेव्हापासून टाळी पडायच्या आत सूर लावायची तिला सवयच लागली.

जाण्याआधीचा शेवटचा कार्यक्रम गंगापूर रोडच्या एका लहान सभागृहात होता. “मामाला नका ना बोलावू,” लेक म्हणाली. “तेवढी एक जागा नीट वाजवून जायचंय मला.”

“भाचीचा कार्यक्रम आणि मामा नाही?” बायको म्हणाली. “मी सांगते त्याला समजावून.”

मी मेहुण्याचं मनगट धरूनच बसलो. वाद्यं थांबली. मी मोजू लागलो. ओठ हलत असावेत, कारण सातला त्यानेच माझा हात दाबला.

“दाजी, मोजू नका,” तो कानात म्हणाला. “ताईनं सांगितलंय. आपल्या विहिरीवरच्या साती आसरांसारख्याच हायेत त्या तळ्यातल्या. पाण्याकडेला गप राह्यचं.”

माझी मोजणी तुटली. कुणी खोकलंही नाही. लेकीचे डोळे मिटलेले, गज तारेवर टेकलेला. मग तो सूर तळातून यावा तसा हळूच वर आला, आणि शेजारी मेहुण्याने हात जोडले.

घरी येताना रिक्षात लेकीने विचारलं, “बाबा, कितव्याला उठले मी?”

“तेराव्याला,” मी म्हणालो. सातच्या पुढे मी मोजलंच नव्हतं.