राक्षसाचा जबडा आणि दादाची शिट्टी

एसटी सुटली तेव्हा आई खिडकीखाली उभी होती. "दादाचा हात सोडू नको," एवढंच म्हणाली. आमच्या घरातून दहावीच्या पुढं जाणारी मी पहिलीच. दादा आधीपासून चाकणला कंपनीत होता, आता मी त्याच्याकडं राहून शिकणार होते. बस फाट्यावर वळली तसं दादानं डोकं बाहेर काढलं, डाव्या हाताची दोन बोटं जिभेखाली घातली आणि शिट्टी मारली. ही शिट्टी ऐकून आई रानात काम करताना ओळखायची, पोरगा घरी आला.

गावाकडच्या मैत्रिणींनो, तुम्ही फोनवर विचारता, तिकडं मजा काय असते? सांगायला जरा लाज वाटते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तरी मला अजून रोबोट आणि राक्षसाचे पिक्चरच आवडतात.

लहानपणी दादा तेलाचा रिकामा डबा डोक्यात घालून रोबोट व्हायचा आणि मी घोंगडी पांघरून समुद्रातून निघायचे. कडब्याची गंजी म्हणजे शहर. एकदा त्यानं मला असं आपटलं की माझा पुढचा दात पडला. मी रक्त पुसलं आणि त्याच्या दंडाला चावले. आई ओरडायची, "शहर पाडा न्हाईतर एकमेकाला फाडा, पण गंजीला हात लावू नका!"

इकडं कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळं गुरुवारचा सकाळचा शो म्हणजे सगळी कंपनीची माणसं. सहा दिवस सुपरवायझरसमोर मान खाली घालणारे इथं खुर्चीवर उभे राहतात. पडद्यावर राक्षस इमारती चघळत असतो, पूल काडीसारखे मोडतात. मग रोबोट येतो, त्याची मुंडी धरून डोंगरावर घासतो, हिरवं रक्त काचांवर उडतं. मागून कोणीतरी ओरडतं, "सोडू नको भावा, ओव्हरटाइम लाव त्याला!" आणि या सगळ्यावर दादाची शिट्टी. दिघीत आम्ही भाड्यानं राहतो त्या एका खोलीत मला कधी परकं वाटलं, तर मी गुरुवारची वाट बघायचे.

माझी चाचणी परीक्षा संपली त्या गुरुवारी दादाला झोपायचं होतं. मी त्याला ओढून नेलं. त्या पिक्चरमध्ये रोबोट दोन्ही हातांनी राक्षसाचा जबडा फाडतो. दादा घरी येईपर्यंत तेच करून दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला तो शेजारच्या प्रेसवरच्या मित्राला तीच मारामारी सांगत होता. प्रेस म्हणजे पत्रा ठोकून पार्ट बनवणारं मशीन, त्याला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आत राहत नाहीत. पण काम भरभर उरकावं म्हणून बरेच जण एका बटणात पुठ्ठा कोंबून ते दाबून ठेवतात. दादानंही डावं बटण तसंच ठेवलं होतं. डावा हात पार्ट काढायला आत, तोंड मित्राकडं, आणि उजव्या हातानं सवयीनं बटण दाबलं.

दोन बोटं गेली. तीच दोन.

मी प्रॅक्टिकल सोडून दवाखान्यात पोचले तेव्हा त्याच्या शर्टावर रक्त वाळलं होतं. ते लालच होतं, हिरवं नव्हतं, हे मला किती वेळ समजेचना. आईला फोन केला. ती रडली नाही. "त्याचा हात धरलास का?" एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. खरं तर धरला नव्हता, भीती वाटत होती.

दादाला नंतर कंपनीनं मशीनवरून काढून स्टोअरला, सामान द्यायच्या कामावर घेतलं. तिथून येता-जाता तो नव्या लोकांच्या प्रेसवरचे पुठ्ठे उपटतो आणि त्यांच्या शिव्या खातो. घरी मात्र बोलेना. गुरुवारी भिंतीकडं तोंड करून पडायचा. मला वाटायचं, हे मी केलं. पण विचारायचं धाडस नव्हतं.

मग एका गुरुवारी स्वतःच म्हणाला, "तिकीट काढ, बारके."

पिक्चर सुरू झाला आणि अर्ध्या तासात राक्षसानं रोबोटचा हात खांद्यापासून उपटला. वायरी लोंबत होत्या, ठिणग्या पडत होत्या. मी न बघता दादाचा हात घट्ट धरला. तो डावा होता.

"चल, जाऊ," मी म्हणाले.

"बस की. दुसरा हात हाय अजून त्याचा."

"दादा, मी त्या दिवशी तुला ओढून नेलं नसतं तर..."

"पुठ्ठा मी कोंबला हुता," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "राक्षसानं न्हाई, आन् तू बी न्हाई. रडूलालीस कशाला? बघ समोर!"

समोर रोबोटनं उरलेली मूठ राक्षसाच्या घशात कोपरापर्यंत घातली आणि आतून फाडत बाहेर काढली. सगळं थिएटर उठलं. दादाचा हात सवयीनं तोंडापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

मग मी माझी दोन बोटं तोंडात घातली. नुसती हवा निघाली आणि पुढच्या माणसाच्या मानेवर थुंकी उडाली. त्यानं वळून बघितलं. "ओ ताई, इथं पाऊस पडतोय!"

दादा हसला. कितीतरी महिन्यांनी, पोट धरून. त्यानं माझी बोटं धरून वाकवली. "जीभ मागं घे. आता मार."

तिसऱ्या वेळी वाजली.

मी अजून शिकतेच आहे. दिवाळीला आम्ही येऊ, तेव्हा फाट्यावर शिट्टी ऐकू येईल. जरा फाटकी असेल, दादाची वाटणार नाही. पण तुम्ही आईला सांगा, पोरं आली.